शिफारसपत्र म्हणजे मेहरबानी नव्हे

परदेश शिष्यवृत्तीची चर्चा निघाली की आपण जागा, उत्पन्नमर्यादा आणि निधी यांवर बोलतो. बोललेच पाहिजे. २०२५ साली केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीसाठी १०६ विद्यार्थी निवडले गेले आणि निधीचे कारण पुढे करून सुरुवातीला फक्त ४० जणांच्या हाती पत्रे पडली, तेव्हा आम्हीही ओरडलो. पण त्या यादीपर्यंत पोहोचण्याआधीच आपली पोरं कुठे गळतात, यावर कुणी लिहीत नाही. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती घ्यायची तर आधी परदेशी विद्यापीठाचा प्रवेश हातात लागतो. आणि प्रवेशाला लागतात दोन, कधी तीन प्राध्यापकांची शिफारसपत्रे. म्हणजे शाहू महाराजांच्या नावाच्या योजनेकडे जाणारी वाट आधी कुठल्यातरी सरांच्या केबिनमधून जाते. तिथे आरक्षण नाही, जीआर नाही, अपील नाही.

जातीचा दाखला वेळेत मिळाला नाही तर २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा दाखवता येतो. गुणपत्रिका अडवली तर विद्यापीठात तक्रार करता येते. शिफारसपत्र अडवले तर? काहीच नाही. जात निवांतपणे काम करते ती अशाच जागी, जिथे नियम लिहिलेला नसतो.

आम्ही नगरमध्ये रविवारी पोरांचे अर्ज भरून देतो, तिथला एक प्रसंग सांगतो. पाथर्डी तालुक्यातला मुलगा, आईबाप ऊसतोडीला जाणारे. एम.ए.ला त्याने मुकादमाच्या उचलीवर प्रबंध लिहिला. उचल किती, फिटली किती, पुढच्या हंगामावर चढली किती, याचा हिशेब त्याने घराघरांत बसून मांडला होता. त्याने दोन सरांकडे पत्र मागितले. पहिले म्हणाले, "बघू." ते 'बघू' तीन आठवडे चालले. विद्यापीठाने सरांच्या ईमेलवर पाठवलेली लिंक न उघडताच मुदत संपली. दुसऱ्या सरांनी लगेच दिले, लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह. आम्ही वाचले आणि गप्प झालो. विद्यार्थी मागासवर्गीय, गरीब, होतकरू आणि आज्ञाधारक असून त्याची वर्तणूक चांगली आहे, एवढेच इंग्रजीत लिहिलेले. प्रबंधाचा उल्लेख नाही. तो वर्गात काय विचारायचा, इतरांच्या तुलनेत कुठे होता, काही नाही. शाळा सोडताना मिळतो तो वर्तणुकीचा दाखला, फक्त इंग्रजीत. विद्यापीठाचा नकार आला. तो पत्रांमुळेच आला असे आम्ही म्हणणार नाही, कारण विद्यापीठे कारण कळवत नाहीत. पण त्या पोराची बुद्धी त्या कागदावर कुठेच नव्हती, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

दुसऱ्या सरांचा हेतू वाईट नव्हता, हे मुद्दाम सांगतो. त्यांना खरेच वाटले की गरिबी सांगितली की काम होईल. आपला विद्यार्थी दिसला की आधी त्याची दया येते आणि मग त्याचे काम वाचायचेच राहून जाते. शिव्या देणाऱ्यापेक्षा ही दया ओळखायला अवघड.

आता बाबासाहेबांकडे या. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये त्यांना संस्कृत शिकू दिले नाही, फारसी घ्यावी लागली. त्यांच्यासाठी पहिला शब्द टाकला तो कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी, आणि ते बाबासाहेबांच्या वर्गाचे शिक्षक नव्हते. दुसऱ्या शाळेचे मास्तर. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा मुलगा त्यांच्या नजरेत भरला. पुढे त्यांनी त्याला सयाजीराव गायकवाडांपर्यंत नेले. त्यातून आधी कॉलेजसाठी महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती आणि १९१३ साली कोलंबिया. १९१६ मध्ये लंडनला जाताना कोलंबियाचे प्राध्यापक सेलिग्मन यांनी तिकडचे अर्थशास्त्रज्ञ फॉक्सवेल यांना पत्र लिहिले. फॉक्सवेल यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या सचिवांना कळवले ते साधारण असे, की याने डॉक्टरेटचे काम आधीच केले आहे, त्याला जिंकायला इथे आता काही उरलेले नाही. बघा, या पत्रव्यवहारात दया नाही. एका अभ्यासकाने दुसऱ्या अभ्यासकाला तिसऱ्या अभ्यासकाबद्दल लिहिले आहे. आपल्याला हवे ते पत्र हेच.

काही लोक म्हणतात, बाबासाहेब असामान्य होते, त्यांना पत्र मिळणारच. उलटे आहे. एवढ्या असामान्य माणसालाही केळुसकर आणि सेलिग्मन लागले. मग पाथर्डीच्या पोराने एकट्यानेच का जावे?

दुसरा आक्षेप प्राध्यापक घेतात: पत्र देणे आमच्या मर्जीवर आहे, सक्ती कशी कराल? मान्य. ज्याला विद्यार्थी ओळखत नाही त्याने लिहूच नये. पण 'नाही' म्हणा, आणि आठवड्यात म्हणा, म्हणजे पोरगा दुसरीकडे जाईल. आमचे भांडण नकाराशी नाही, 'बघू'शी आहे. महाविद्यालयाने फलकावर एवढेच लावावे की मागणी लेखी घेतली जाईल, पोच मिळेल आणि सात दिवसांत हो की नाही कळवले जाईल. प्राध्यापकांना महाविद्यालयाच्या नावाचा ईमेल द्यावा. तालुक्याच्या ठिकाणी अजूनही खासगी जीमेलवर कारभार चालतो आणि परदेशी विद्यापीठे अशा पत्त्यावरून आलेल्या पत्राकडे संशयाने पाहतात. याला पैसे लागत नाहीत.

जोतीरावांनी १८४८ साली याच नगरमध्ये मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहिली आणि पुण्यात जाऊन शाळा काढली. त्यांच्या सावित्रीमाईंचे नाव आज ज्या विद्यापीठाला आहे, त्याच्या नगर जिल्ह्यातल्या महाविद्यालयांकडून फलकावर चार ओळी लावायची अपेक्षा जास्त नाही.

आपल्या प्राध्यापकांनाही विचारायचे आहे. १४ एप्रिलला व्यासपीठावर तुम्ही असता, चळवळीनेच तुम्हाला तिथवर आणले. गेल्या पाच वर्षांत किती पत्रे लिहिलीत? काहींनी रात्री जागून लिहिली, त्यांना जय भीम. पण 'आपल्याच पोराला दिले तर लोक काय म्हणतील' म्हणून टाळणारेही आम्ही पाहिलेत. दुसऱ्या बाजूचे लोक पिढ्यान् पिढ्या आपल्या पुतण्या-भाच्यांसाठी लिहीत आले, त्यांना कुणी काही म्हटले नाही.

आणि मित्रांनो, आपलाही दोष आहे. तीन वर्षे शेवटच्या बाकावर बसून मुदतीच्या चार दिवस आधी सरांना गाठले तर ते काय लिहिणार? भीती का वाटते, हे आम्हाला माहीत आहे. ज्या जिल्ह्यात २०१४ साली खर्ड्याच्या नितीन आगेचा खून झाला आणि २०१७ साली साक्षीदार उलटल्यावर आरोपी निर्दोष सुटले, तिथे आपले पोर मोठ्या माणसाच्या शब्दावर सहज विसंबत नाही. तरीही पहिल्या वर्षापासून प्रश्न विचारा, प्रकल्प दाखवा, तास संपल्यावर थांबा. 'तूच लिहून आण, मी सही करतो' म्हणाले तर लिहू नका. ती फसवणूक ठरते आणि पकडले गेलात तर तुमचेच नाव जाते. त्याऐवजी एका पानावर विषय, गुण, प्रबंधाचा सारांश, मुदत आणि लिंक लिहून द्या. त्यात जात आणि गरिबी लिहू नका, त्यासाठी शिष्यवृत्तीच्या अर्जात वेगळा रकाना आहे. यवतमाळमधून उभी राहिलेली 'एकलव्य' हेच शिकवते, त्यांच्याशी बोला.

पाथर्डीच्या मुलाने यंदा पुन्हा अर्ज केला आहे. या वेळी पत्र देणाऱ्या मॅडम दुसऱ्या महाविद्यालयातल्या आहेत. एका चर्चासत्रात त्यांनी त्याचे उचलीवरचे भाषण ऐकले होते. त्यांनी आधी प्रबंध मागून घेतला, तो वाचला, दोन चुका दाखवल्या आणि मग लिहायला बसल्या.