मागचा ब्रेक किंचाळतोय? आधी चाक खोला, लायनरचं नंतर बघू

मागच्या ब्रेकचा आवाज कसा घालवायचा ते व्हिडिओत दाखवलंय. त्यातला धंद्याचा भाग तिथे राहून गेला, तो इथे लिहितो. तुमच्यापैकी बरेच जण गॅरेज टाकायच्या तयारीत आहेत किंवा नुकतंच टाकलंय, म्हणून मुद्दाम.

माझं मत सरळ आहे. "ब्रेक दाबला की कुईईई होतंय" एवढं ऐकून लायनर बदलायला घेऊ नका. आणि फुकटात साफ करून देऊही नका. चाक खोलणं, ड्रम साफ करणं, लायनर तपासणं, परत बसवणं हे एक पूर्ण काम आहे. त्याची मजुरी वेगळी लावा, बोर्डावर लिहा.

स्प्लेंडर, प्लॅटिना, शाइन या गाड्या आपल्याकडे सगळ्यात जास्त येतात आणि त्यांना मागे ड्रम ब्रेक असतो. पाय दाबला की रॉड कॅम फिरवतो, कॅम दोन्ही लायनर पसरवतो, ते ड्रमला आतून घासतात. या घासण्यात थरथर झाली की आवाज. आता थरथर कशाने होते? बहुतेक वेळा लायनर संपल्यामुळे नाही. आत भुकटी साठलेली असते. लायनरचा पृष्ठभाग तापून काचेसारखा गुळगुळीत झालेला असतो. पावसाळ्यात गाडी दोन दिवस उभी राहिली की ड्रमला गंजाचा पातळ थर येतो. कॅम सुकून जाम झालेला असतो, त्यामुळे पाय सोडला तरी लायनर पूर्ण मागे येत नाहीत. यातल्या एकाही गोष्टीला नवीन लायनर हे उत्तर नाही. उलट जाम कॅमवर नवीन लायनर टाकला तर आठ-पंधरा दिवसांत तोच माणूस तोच आवाज घेऊन दारात उभा असतो, आणि आता तो रागावलेला असतो.

चाक न खोलता कळण्यासारखी एक गोष्ट आहे. बऱ्याच गाड्यांना कॅमच्या आर्मजवळ एक छोटा बाण असतो आणि ब्रेक प्लेटवर खूण असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेला लागला, तर लायनर संपलाय. तिथे वाद नाही, बदला. खोलल्यावर मटेरियल साधारण 2 मिमीपर्यंत आलेलं दिसलं, तडा दिसला, किंवा ग्रीस-ऑइल मुरलेलं दिसलं तरी बदला. ऑइल प्यालेला लायनर पेट्रोलने धुऊन किंवा जाळून वापरणारे मिस्त्री मी बघितलेत. तसला जुगाड करू नका, ब्रेक आहे तो. ड्रमवरही कमाल व्यास कोरलेला असतो, तोही मोजा. ड्रम त्याच्यापुढे गेला असेल तर लायनर बदलून भागणार नाही.

बाकीच्या वेळी काम असं. भुकटी कॉम्प्रेसरने उडवायची नाही. कुठल्या लायनरमध्ये काय मिसळलंय ते डोळ्यांना दिसत नाही, जुन्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, आणि ती भुकटी दिवसभर तुमच्याच फुफ्फुसात जाते. मास्क लावा, ओल्या फडक्याने पुसा. मग लायनर आणि ड्रम पॉलिश पेपरने हलके घासा, चमक जाईपर्यंतच. लायनरच्या दोन्ही टोकांच्या कडा थोड्या तिरप्या करा. कॅम काढून साफ करा आणि ग्रीस अगदी बोटाच्या टोकावर मावेल एवढंच लावा. जास्त लावलं तर गरम होऊन ते लायनरवरच उतरतं. बाहेरून ड्रमच्या फटीत स्प्रे किंवा ऑइल मारून आवाज बंद करणारेही आहेत. आवाज बंद होतो, त्याच्याबरोबर ब्रेकही.

बसवताना दोन गोष्टी. एक्सलचा नट पूर्ण आवळायच्या आधी ब्रेकचा पाय दाबून धरा. लायनर ड्रमच्या मध्यावर येऊन बसतात आणि मग नट आवळायचा. निम्मे आवाज या एका सवयीने जातात असं माझं निरीक्षण आहे. दुसरी गोष्ट, ब्रेक प्लेटला धरून ठेवणारी पट्टी. तिचा नट आणि पिन पुन्हा बघा. ती सुटली तर ब्रेक मारताक्षणी प्लेट चाकाबरोबर फिरते आणि चाक जाम. गिऱ्हाईक घाटात असेल तर काय होईल ते सांगायला नको.

1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना कम्बाइन्ड ब्रेक किंवा एबीएस सक्तीचं झालं. कम्बाइन्डवाल्या गाडीत मागचा पाय दाबला की पुढचा ब्रेकही लागतो. म्हणजे मागचं अ‍ॅडजस्ट केल्यावर पुढचं चाक मोकळं फिरतंय का, हे बघणं आता तुमच्याच कामात धरलं जातं. स्टॉप लाइटही बघा.

आता हिशोब. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या गावाप्रमाणे बदला. समजा लायनरच्या सेटमध्ये 60 रुपये सुटतात आणि बदलायची मजुरी 80, एकूण 140. तेच साफसफाई-तपासणीचे 150 लावले तर माल एक रुपयाचा लागला नाही. लायनर खरंच संपला असेल तर हे 150 आहेतच, वर मालातले 60. नवीन गॅरेजवाल्याचं भांडवल मालात अडकतं, आणि दहा मॉडेलचे लायनर भिंतीला टांगून ठेवणं हे पहिल्या सहा महिन्यांत परवडत नाही. तुमच्याकडे विकायला भरपूर काय आहे? वेळ आणि हात. मग त्याचेच पैसे का सोडायचे?

यावर मला नेहमी एकच उत्तर मिळतं: "सर, आमच्याकडे लोक नुसत्या मजुरीचे पैसे देत नाहीत. वस्तू हातात दिसली तरच देतात." हे खरं आहे, मी नाकारत नाही. पण वस्तू दाखवायला तुमच्याकडेही आहे. चाक खोलल्यावर गिऱ्हाइकाला जवळ बोलवा. "काका, ही बघा भुकटी. हा तुमचा लायनर, अजून चालेल, बदलायची गरज नाही." अनेक ठिकाणी न विचारता पार्ट बदलून घेतलेल्या माणसाला हे वाक्य फार वेगळं लागतं. दर मात्र चाक खोलायच्या आधी सांगायचा. नंतर सांगितला तर तुमची बाजू बरोबर असली तरी घासाघीस होणारच.

आणि शेजारचा फुकट करून देतो? देऊ द्या. तो बहुतेक पेपर फिरवून पाच मिनिटांत परत बसवतो, कॅमला हात लावत नाही. तुमच्या बिलावर "मागचा ब्रेक: साफसफाई, कॅम ग्रीस, लायनर 4 मिमी शिल्लक" असं लिहिलेलं असेल तर पुढच्या वेळी लायनर कधी बदलायचा हे दोघांनाही माहीत असतं. पंधरा दिवसांत आवाज परत आला तर एकदा मोफत बघू, हेही बिलावर लिहा. काम नीट केलं असेल तर फारसं कोणी येत नाही. जो येईल त्याची चेन आणि हबचे रबर तपासा, मागच्या चाकाचा प्रत्येक आवाज ब्रेकचा नसतो.

डिस्कवाल्या गाड्यांचं गणित वेगळं आहे, तिथे पॅड आणि कॅलिपरची पिन बघावी लागते. त्यावर पुढचा व्हिडिओ करतोय.