पंधरा नळ्यांचा निकाल

सिंहस्थ जवळ आला की नाशकात घाटांची डागडुजी, रस्त्यांचे रुंदीकरण आणि साधुग्रामच्या जागेचा वाद सुरू होतो. परीक्षानळ्यांच्या स्टँडबद्दल मात्र कोणी बोलत नाही. रामकुंडात बुडी मारून ओंजळभर तीर्थ तोंडात घेणाऱ्याचे पोट मात्र त्या स्टँडवरच्या निकालावर बरेचसे अवलंबून असते.

पाण्यात मैल्यातले जंतू किती, हे पाहण्याची रूढ रीत जुनी आणि स्वस्त आहे. लॅक्टोज घातलेल्या पोषक द्रावणाच्या पंधरा नळ्या घ्यायच्या. पाच नळ्यांत दहा-दहा मिलिलिटर, पाचांत एकेक आणि उरलेल्या पाचांत एक दशांश मिलिलिटर नदीचे पाणी सोडायचे. प्रत्येक नळीत एक इवलीशी नळी उलटी बुडवलेली असते. हर्बर्ट डरहॅम यांनी १८९८ मध्ये सुचवलेली. कोलिफॉर्म जंतू लॅक्टोज आंबवतात, वायू सुटतो आणि बुडबुडा त्या उलट्या नळीत अडकतो. बुडबुडेवाल्या नळ्या मोजून तक्त्यात आकडा पाहायचा. सूक्ष्मजीवशास्त्र शिकणारी मुले हे प्रात्यक्षिक दरवर्षी करतात.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषाप्रमाणे स्नानाच्या पाण्यात शंभर मिलिलिटरमागे विष्ठाजन्य कोलिफॉर्म ५०० पर्यंत असावेत आणि २५०० च्या वर कदापि नसावेत. आता गंमत पाहा. पंधराच्या पंधरा नळ्यांत बुडबुडे आले, तर तक्ता ‘१६०० पेक्षा जास्त’ एवढेच सांगून मोकळा होतो. ते जास्त म्हणजे दोन हजार की दोन लाख, हे कळायला नमुना आणखी पातळ करून पुन्हा नळ्या लावाव्या लागतात. तेव्हा अहवालात नुसते ‘पेक्षा जास्त’ दिसले, तर पुढच्या नळ्या लावल्या का, असे विचारावे.

दुसरी अडचण वेळेची. पहिल्या टप्प्याला ४८ तासांपर्यंत लागतात, आणि जंतू मैल्यातलेच का, हे ठरवायला ४४.५ अंश सेल्सियसला आणखी एक दिवस. म्हणजे पर्वणीच्या सकाळी घेतलेल्या नमुन्याचा निकाल येईपर्यंत लाखो लोक गोदेत न्हाऊन गावी परतलेले असतात आणि ते पाणी नाशिक सोडून कधीच पुढे गेलेले असते. पर्वणीच्या दिवशीची तपासणी दप्तरासाठी ठीक. भाविकाला तिचा उपयोग शून्य.

उपयोग होतो तो आधीपासून रोज काढलेल्या आकड्यांचा, आणि तेही पावसाळ्यातल्या. आपल्या मुख्य पर्वण्या श्रावण-भाद्रपदात येतात. पाऊस झाला की गटारे तुंबून पात्रात उतरतात आणि रस्त्यांवरची घाण वाहून येते. गंगापूर धरणातून पाणी सुटले की चित्र पुन्हा बदलते. मे महिन्यातल्या नमुन्याने ऑगस्टचा अंदाज बांधता येत नाही. २०१५ नंतरची पर्वणी २०२७ मध्ये आहे. त्याआधी हाती येणारा प्रत्येक पावसाळा वापरावा.

आणि आकडे कचेरीत ठेवू नयेत. धरणाची पातळी वर्तमानपत्रांत रोज छापून येते, मग हाच आकडा का नको? गंगाघाटावर फलक लावा, मराठीत आणि हिंदीत. नमुना कुठला, कधीचा आणि आकडा किती, एवढे पुरे. यात्रेकरू बिथरतील, ही भीती प्रशासनाला वाटेल. बिथरणार नाहीत, बुडी मारतीलच. पण तान्ह्या पोराच्या तोंडात ते पाणी घालण्याआधी एखादी आई थांबेल. फक्त रामकुंडाचा आकडा वेगळा आणि तपोवनाचा वेगळा लिहावा; दोहोंची सरासरी काढून लावू नये.