कंधारचा इशारा : मुदत 17 सप्टेंबर

महायुतीच्या मुंबईतल्या नेतृत्वाला हे शेवटचं निवेदन.

आम्ही कंधार तालुक्यातले शेतकरी आणि मतदार. गावोगाव बैठका झाल्या. निर्णय झाला आहे. तो तुम्हाला कळवत आहोत.

नांदेडच्या कोणत्या नेत्याचं पुढे काय, यावर तुमच्यात ओढाताण चालू आहे. तो तुमचा घरचा प्रश्न. त्यासाठी आमच्या तालुक्याचा आखाडा करू नका.

फेब्रुवारी 2024 मध्ये अशोक चव्हाण भाजपमध्ये आले. प्रताप पाटील चिखलीकर तेव्हा भाजपचेच खासदार होते. 2019 ला त्यांनी याच चव्हाणांना पाडलं होतं. दोघं एका झेंड्याखाली आले आणि जूनमध्ये नांदेडची लोकसभा तुमच्या हातून गेली.

ऑक्टोबरमध्ये चिखलीकर अजित पवारांच्या राष्ट्रवादीत गेले. नोव्हेंबरमध्ये आमच्या लोहा मतदारसंघाचे आमदार झाले.

पक्ष दोन झाले. सरकार एकच. वैर जिथल्या तिथे.

आम्ही थांबलो. नवी घडी बसायला वेळ लागतो, असं एकमेकांना समजावलं.

दरम्यान एका वाडीच्या रस्त्याचं भूमिपूजन दोनदा झालं. आधी एका गटानं नारळ फोडला, मग दुसऱ्यानं. दोन्ही फलक उभे आहेत. कडेला टाकलेल्या खडीत गवत उगवलं आहे. शाळेची पोरं आजही त्याच चिखलातून जातात.

ऑगस्ट 2025 मध्ये शेजारच्या मुखेड तालुक्यात हसनाळ, रावणगाव ही गावं रात्रीतून पाण्यात गेली. माणसं गेली, गोठ्यात बांधलेली जनावरं गेली. ऑक्टोबरमध्ये सरकारनं 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्याच दिवसांत आमच्यातला एक शेतकरी काळं पडलेलं सोयाबीन मुठीत घेऊन मदतीच्या यादीत नाव आहे का, विचारायला गेला. एका कार्यकर्त्यानं त्याला उलट विचारलं, तुम्ही कोणाचे?

हा प्रश्न आम्ही विसरलेलो नाही.

नेत्यांच्या भवितव्याचं आम्हाला नवल नाही. शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख, अशोक चव्हाण. नांदेड-लातूरनं महाराष्ट्राला चार मुख्यमंत्री दिले. एकालाही सलग पाच वर्षं मिळाली नाहीत. कोण बसणार आणि कोण उठणार, हे दरवेळी दिल्लीत ठरलं. आम्हाला कोणी विचारलं नाही. आताही विचारू नका. आम्ही फक्त कामाचं विचारतो आहोत.

कचेरीला आम्ही नांदेडचे, लोकसभेला लातूरचे. या दुहेरी नात्यात जबाबदारी कायम दुसऱ्याच्या दारात ढकलली गेली. 2022 मध्ये जिल्हा परिषदेवर प्रशासक बसला, तेव्हा जवळचं दारही बंद झालं.

आमची मोजदाद चुकवू नका. 2014 ला या मतदारसंघानं शिवसेना निवडली. 2019 ला शेकाप. 2024 ला राष्ट्रवादी. त्याच वर्षी लातूरचा तुमचा खासदार घरी गेला. इथे कोणाचाही सातबारा कायमचा नाही.

मागण्या मोजक्या आहेत. मंजूर आणि रखडलेल्या कामांची यादी तहसील कार्यालयात लावा. प्रत्येक कामापुढे तारीख आणि जबाबदार अधिकाऱ्याचं नाव लिहा. मदतीच्या याद्या ग्रामपंचायतीत उघड वाचा. तालुक्याच्या कामाला तुमच्याकडून कोण उत्तर देणार, त्या एका माणसाचं नाव लेखी कळवा. तो कोणत्या गटाचा, याच्याशी आम्हाला देणंघेणं नाही.

मुदत 17 सप्टेंबर. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. त्या दिवशी ध्वजाला आम्ही हजर राहू. ध्वज आमचा आहे.

18 तारखेपासून तुमच्या कोणत्याही गटाच्या सभेला गावातून माणूस मिळणार नाही, ट्रॅक्टर मिळणार नाही, सत्काराला हार मिळणार नाही. दोन्ही गटांना सारखाच नियम. भूमिपूजनाला येणाऱ्याला आधी जुन्या नारळाचा हिशेब द्यावा लागेल. पुढच्या प्रत्येक मतदानाचा निर्णय गावं एकत्र बसून घेतील, आणि तो आधी जाहीर करतील.

उत्तर लेखी हवं. कार्यकर्त्यामार्फत निरोप चालणार नाही. या विषयावर आमच्याकडून दुसरं निवेदन येणार नाही.