अटकेतला धोका पोलिसांना नेमका कुठे दिसतो?

३ जुलै २०२०. मध्यरात्र उलटल्यावर कानपूरजवळच्या बिकरू गावात विकास दुबेला अटक करायला गेलेले आठ पोलीस मारले गेले. वाटेत जेसीबी आडवा लावला होता, गच्चीवर बंदूकधारी दबा धरून बसले होते. पोलीस येत असल्याची खबर आधीच पोहोचली होती. ती दिल्याच्या आरोपावरून चौबेपूर पोलीस ठाण्याच्याच दोन अधिकाऱ्यांना अटक झाली.

याच दुबेवर २००१ साली थेट पोलीस ठाण्यात एका नेत्याचा खून केल्याचा आरोप होता. साक्षीदार पोलीसच उलटले आणि तो सुटला. मग त्या आठ जणांना मारले कोणी? गोळ्यांनी तर खरेच; पण वर्षानुवर्षे मिळालेल्या अभयानेही.

आम्ही पोलिसांचे शत्रू नाही. आमच्या वस्तीतली पोरे-पोरी पहाटे मैदानावर धावून भरती होतात. अटकेला जाताना त्यांना पक्की माहिती, पुरेसे मनुष्यबळ आणि बुलेटप्रूफ जॅकेट मिळालेच पाहिजे. तो त्यांचा हक्क आहे.

पण धोका मोजायचा कशावर? आरोपीचा पूर्वेतिहास, त्याच्याकडची शस्त्रे, त्याचे पाठीराखे यांवर, की त्याच्या वस्तीच्या नावावर? डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या आंदोलनात अटक झालेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत मरण पावला. प्राथमिक शवविच्छेदन अहवालात अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याची नोंद होती. या तरुणापासून कोणाला कसला धोका होता?

बेड्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच प्रेमशंकर शुक्ला खटल्यात बजावले की सरसकट बेड्या घालता येणार नाहीत, कारण लेखी नोंदवावे लागेल. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ ने सराईत, कोठडीतून पळालेल्या आणि ठरावीक गंभीर गुन्ह्यांतील आरोपींना बेड्या घालायची मुभा दिली. पण कलम ४६ म्हणते, पळून जाणे रोखण्यापुरतेच बंधन घाला, अधिक नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक अटकेपूर्वी धोक्याचे मूल्यमापन कागदावर व्हावे, कारणांसह. खबर फोडणाऱ्यावर कठोर कारवाई व्हावी. ज्याच्यापासून खरा धोका आहे त्याला सलाम आणि ज्याच्यापासून नाही त्याला लाठी, ही रीत चालू राहील तोवर पोलीसही मरतील आणि आमची पोरेही. दोन्ही घरांत रडणारी आईच असते.

जय भीम! जय संविधान!