अर्जातील दोन टिंबे

कचेरीत आमच्या टेबलावर मुलांचे इंग्रजी अर्ज येतात. हुशार मुलेही एका जागी हमखास चुकतात: कोलन, म्हणजे आपला अपूर्णविराम. अर्ज हीच साहेबापुढे आपली पहिली ओळख. म्हणून हे सांगणे.

नियम सोपा आहे. कोलनच्या आधीचे वाक्य स्वतःच्या पायावर उभे राहिले पाहिजे. 'आय हॅव अटॅच्ड टू सर्टिफिकेट्स' हे वाक्य पूर्ण आहे. पुढे कोलन देऊन दाखल्यांची नावे लिहावीत. 'माय सब्जेक्ट्स आर' हे अर्धेच. तेथे कोलन नको, विषय सरळ लिहावेत.

पालकहो, आज मुलांची वही उघडा. इंग्रजी वाचता आले नाही तरी दोन टिंबे दिसतात. त्यावर बोट ठेवून विचारा, "इथपर्यंत वाक्य पुरे झाले का?" चूक मूलच शोधील.