चालत्या कामातील बदल

उज्जैन हे पूर्वीच्या ग्वाल्हेर संस्थानातील नगर. १९४८ साली मध्यभारत निर्माण झाला व १ नोव्हेंबर १९५६ रोजी तोही मध्यप्रदेशात विलीन झाला. संस्थानच्या सेवेत असलेल्या माणसाचे धनी आठ वर्षांत दोनदा बदलले. सेवा मात्र अखंड चालू होती. राज्य पुनर्रचना कायद्याच्या ११५ व्या कलमात म्हणूनच एक अट घातली गेली. केंद्र सरकारच्या पूर्वसंमतीवाचून कर्मचाऱ्याच्या सेवाशर्ती त्याला अहितकारक होतील अशा बदलू नयेत. माधवनगरातील ज्या घरांत जुनी सेवापुस्तके जपलेली असतील, त्यांना या अटीचे मोल सांगावयास नको.

आज तोच प्रश्न संगणकापुढे उभा आहे. निवृत्तिवेतनाचे प्रकरण पाच पायऱ्यांतून जावयाचे. तिसऱ्या पायरीवर असता नियम बदलला, तर काय करावे? मायक्रोसॉफ्टने २००६ साली अशा कामांसाठी जी रचना दिली, तिच्यात यावर एक उपाय होता. बदल मूळ प्रकरणावर थेट न करता त्याच्या तात्पुरत्या प्रतीवर करावयाचा. पायरी जोडणे व पायरी काढणे हे बदलाचे दोन प्रकार एकाच अमूर्त मूलवर्गातून उत्पन्न होत. संस्कृतातील ‘कृ’ हा धातू जसा स्वतः वाक्यात येत नाही, त्याची रूपेच येतात, तसाच हा वर्ग. तो स्वतः काही बदलत नाही. परंतु आपल्या प्रत्येक रूपावर दोन कर्तव्ये लादतो : बदल तपासून पाहणे आणि तो लागू करणे. जी पायरी त्या क्षणी चालू आहे, ती काढू पाहिल्यास तपासणीतच नकार मिळे. बदल होई तो त्या एका प्रकरणापुरता. इतरांना धक्का लागत नसे. ती रचना पुढे कालबाह्य ठरविण्यात आली, तरी तिच्यातील तत्त्व जुने झालेले नाही.

मात्र एक भेद ध्यानी ठेवावा. यंत्राची ही तपासणी बदल रचनेत बसतो की नाही एवढेच पाहते. तो अर्जदाराच्या हिताचा आहे की नाही, हे पाहत नाही. ते काम ११५ व्या कलमाने माणसाकडे सोपविले होते. म्हणून खिडकीवर ‘संगणकात नियम बदलला’ असे उत्तर मिळाले, तर वृद्ध अर्जदाराने निमूटपणे परतू नये. बदल कोणत्या तारखेचा, कोणाच्या संमतीचा आणि आपल्या चालू प्रकरणाला तो लागू कसा, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत. त्यांची उत्तरे देणे हे यंत्राचे नव्हे, कचेरीचे कर्तव्य आहे.