घाटातल्या इंजिनाची प्रतिकृती

युरोपात ज्यांच्या घरी खेळातल्या आगगाडीचे रूळ पिढ्यान् पिढ्या जपून ठेवले जातात, त्यांच्या संग्रहात मानाचे स्थान बहुधा एकाच विद्युत् इंजिनाला असते. आणि ते म्हणजे स्वित्झर्लंडच्या गॉथर्ड घाटासाठी १९१९ च्या सुमारास बांधण्यात आलेले, मध्ये उंच कोठडी आणि दोन्ही टोकांस लांब, उतरती नाके असलेले, ‘मगर’ या नावाने विख्यात झालेले इंजिन. मेर्क्लिन या जर्मन पेढीने १९३० च्या दशकात त्याच्या प्रतिकृती बाजारात आणल्या, आणि मूळ इंजिने सेवानिवृत्त होऊन इतकी वर्षे लोटली तरी वीतभर लांबीची ती मगर अजूनही घरोघरच्या रुळांवर धावते आहे.

या मगरीचे सख्खे भावंड आपल्या बोरघाटात अनेक वर्षे राबले, हे मात्र महाराष्ट्रातील फार थोड्यांस ठाऊक असेल. जी.आय.पी. रेल्वेने ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत विजेची पहिली गाडी सोडली आणि १९२९ मध्ये विजेच्या तारा पुण्यापर्यंत नेल्या, तेव्हा सदतिसास एक इतक्या चढाच्या त्या घाटातून मालगाड्या ओढण्यासाठी तिने एकेचाळीस इंजिने मागविली. त्यांतील पहिली दहा विंटरथुर येथील ज्या स्विस कारखान्याने घडविली, त्याच कारखान्याने गॉथर्डची मगरही घडविली होती, आणि गॉथर्डचा चढही जवळजवळ तितकाच होता. उरलेली एकतीस इंग्लंडातील व्हल्कन फाउंड्रीत तयार झाली. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव पहिल्या इंजिनास देण्यात आले. पण चालविणाऱ्यांनी त्या जातीला नाव दिले ते ‘खेकडा’.

या खेकड्याची शक्ती सुमारे २६०० अश्वशक्ती होती. तीन-तीन आसांच्या दोन गाड्यांवर त्याचा देह पेललेला होता, प्रत्येक गाडीची चाके वाफेच्या इंजिनाप्रमाणे बाहेरून जोडदांड्यांनी बांधलेली होती, आणि नाके त्या गाड्यांवरच बसविलेली असल्यामुळे वळणावर सबंध इंजिन अंग वळवून जात असे. घाट उतरताना त्याच्या मोटारी जनित्राचे काम करीत. उतरणाऱ्या गाडीच्या वजनातून निर्माण झालेली वीज पुन्हा तारेत जाई आणि दुसऱ्या बाजूने चढणाऱ्या गाडीच्या उपयोगी पडे. ऊर्जेचा असा काटेकोर जमाखर्च ठेवणारे यंत्र जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी आपल्या घाटात होते, ही गोष्ट आपल्या मुलांना शाळेत कोणी सांगत नाही याचे मला मनापासून दुःख होते.

आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ आणि दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात या जातीचे इंजिन उभे आहे. पण ते उभेच राहणार. १५०० व्होल्टच्या ज्या एकदिश विजेवर ते चालत असे, ती मुंबईच्या मुख्य मार्गावरून २०१५ मध्ये आणि हार्बर मार्गावरून २०१६ मध्ये काढून घेण्यात आली. सर्वत्र २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज आली आणि जुन्या इंजिनांचे अन्नच तुटले. स्थिर इंजिनाकडे पाहून त्याची ताकद कळते, परंतु जोडदांडे कसे फिरत आणि वळणावर देह कसा दुमडत असे हे कळत नाही. ते दाखविणे आता केवळ चालत्या, मोजमापाबरहुकूम केलेल्या प्रतिकृतीलाच शक्य आहे. म्हणूनच प्रतिकृतीला खेळणे समजून बाजूस सारणे मला मान्य नाही. जे यंत्र पुन्हा धावणार नाही, त्याच्या गतीचा तो अखेरचा दस्तऐवज आहे.

एकट्या माणसाची निष्ठा या क्षेत्रात काय करू शकते, हे पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी १ एप्रिल १९९८ रोजी उघडलेल्या लघु रेल्वे संग्रहालयाने दाखवून दिले आहे. परंतु घाटाच्या इतिहासाची सारी जबाबदारी एका कुटुंबाच्या हौसेवर टाकून समाजाने स्वस्थ बसणे योग्य नव्हे.

खेकड्याची चालती प्रतिकृती घडविण्याचे काम सोलापूरने हाती घ्यावे, असे माझे आग्रहाचे मत आहे. विजेचे इंजिन पुण्यापर्यंतच येई, तेथे ते काढून दुसरे जोडले जाई, आणि सोलापूरच्या मुख्य मार्गावर विजेच्या तारा या दशकातच पुऱ्या झाल्या, तेव्हा या गावाचा खेकड्याशी संबंध काय, असा आक्षेप कोणी घेईल. संबंध आहे, आणि तो जुना आहे. १८६० मध्ये सोलापूरला रेल्वे पोहोचली तेव्हा बोरघाट अद्याप फुटलेला नव्हता. उतारूंना खंडाळा ते खोपोली हा टप्पा पालखीने किंवा पायी उतरावा लागे. १८६३ मध्ये घाटमार्ग खुला झाल्यावर येथला माल त्याच घाटातून मुंबईस जाऊ लागला. पुढे ज्यांनी बोरघाटातील बोगद्यांचे मोठे काम तडीस नेले ते वालचंद हिराचंद याच सोलापुरात १८८२ मध्ये जन्मले होते, आणि त्यांच्या कंत्राटदारीचा आरंभ बार्शी लाइट रेल्वेच्या कामाने झाला होता.

येथे त्यांच्या नावाचे तंत्रमहाविद्यालय आहे, रेल्वेचे विभागीय कार्यालय आहे, जवळच कुर्डुवाडीला रेल्वेचा कारखाना आहे. विद्यार्थ्यांनी मुंबईस जाऊन त्या इंजिनाचे प्रत्येक माप घ्यावे, आणि मध्य रेल्वेने दप्तरात जे नकाशे असतील ते त्यांस विनाअट खुले करावेत. प्रमाणाचा निर्णय मात्र विचारपूर्वक व्हावा. प्रचलित सत्त्याऐंशीस एक या प्रमाणाचे रूळ साडेसोळा मिलिमीटर अंतराचे असतात. आपल्या १६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजला त्या प्रमाणात एकोणीस मिलिमीटरहून अधिक अंतर लागते, आणि म्हणून त्या रुळांवर आपले इंजिन उगाच अरुंद पायांचे दिसते. शंभरास एक हे प्रमाण धरले तर तेच तयार रूळ जवळजवळ बिनचूक बसतात. इंजिनाबरोबर सदतिसास एक चढाचा, दोन-तीन बोगद्यांचा घाटही करावा आणि हा सारा इमला सोलापूर स्थानकाच्या प्रतीक्षागृहात, काचेआड पण चालता, मांडण्यात यावा. त्यासाठी लागणारी रक्कम एखाद्या कमानीच्या सुशोभीकरणाहून अधिक होईल असे मला वाटत नाही.